तीनशे किलोमीटर वर

वार्ता-३ हा उपग्रह तिरका चालू लागला म्हणूनच अंटार्क्टिकावरच्या शिशिर केंद्राच्या कामाला आला. तो सरळ चालत होता तोवर दक्षिण ध्रुवाजवळच्या माणसांना त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

हे कोडं हेमांगी सबनीसने मोहिमेवर निघालेल्या तुकडीला समजावून सांगितलं, त्यालाही आता बराच काळ झाला. चांदवडच्या पठारावर उपग्रहांचं नियंत्रण केंद्र आहे. तिथे उपग्रहांच्या कक्षा सांभाळणाऱ्या गटाची ती प्रमुख. अंटार्क्टिकाच्या बर्फात सबंध हिवाळा काढायला निघालेली नऊ माणसं दोन दिवसांच्या प्रशिक्षणासाठी तिच्यासमोर बसली होती. आठजण टिपणं काढत होते. नववा, जनरेटरचा मेकॅनिक मल्हार खरात, हाताची घडी घालून ऐकत होता. त्याला कळलं नाही की तो सरळ विचारायचा.

"मॅडम, हा उपग्रह वर लटकलेला असतो का?"

"लटकलेला नाही. तो पडतच असतो, पण त्याच वेळी इतक्या वेगाने पुढे जात असतो की जमीन त्याच्या खालून वळत जाते आणि तो पृथ्वीभोवती फिरत राहतो," हेमांगी म्हणाली. "जितका उंच, तितकी फेरी मोठी आणि वेग कमी. चारपाचशे किलोमीटरवरचा उपग्रह दीड तासात फेरी मारतो. चंद्राला महिना लागतो. मग मध्ये कुठेतरी अशी उंची असणार, जिथे एका फेरीला बरोबर एक दिवस लागेल. ती छत्तीस हजार किलोमीटरच्या आसपास आहे. तिथे विषुववृत्ताच्या वर उपग्रह ठेवला की तो आणि पृथ्वी बरोबरीने फिरतात. खालून बघणाऱ्याला वाटतं, तो जागचा हलतच नाही."

"म्हणून गच्चीवरची डिश एकदा बसवली की पुन्हा फिरवावी लागत नाही."

"हो, म्हणूनच."

"मग आम्हाला का नाही दिसायचा?"

"तो विषुववृत्तावर, तुम्ही जवळजवळ ध्रुवावर. मध्ये पृथ्वीचा फुगवटा येतो. तुमच्या दृष्टीने तो कायम क्षितिजाखाली."

मग तिने तिरकेपणाची गोष्ट सांगितली. सूर्य आणि चंद्र या उपग्रहांना सतत ओढत असतात. त्यामुळे कक्षा दर वर्षी जवळपास एक अंशाने कलते. ती सरळ ठेवायला इंधन जाळावं लागतं आणि उपग्रहाच्या आयुष्यातलं बहुतेक इंधन याच कामात संपतं. वार्ता-३ म्हातारा झाल्यावर ते काम थांबवलं गेलं. चौदा वर्षांत त्याची कक्षा बारा अंशांनी कलली. आता तो दिवसातला अर्धा वेळ विषुववृत्ताच्या उत्तरेला असतो आणि अर्धा वेळ दक्षिणेला. दक्षिणेकडे पुरेसा उतरला की सहासात तास ध्रुवाच्या क्षितिजावर डोकावतो आणि मग पुन्हा बुडतो.

एरवी कुणाला त्या म्हाताऱ्याची गरज पडली नसती. पृथ्वीजवळून फिरणारे हजारो छोटे उपग्रह ध्रुवांवरही बोलणं पोचवत असत. पण काही वर्षांपूर्वी त्यांच्यातले दोन एकमेकांवर आदळले. त्या तुकड्यांनी आणखी उपग्रह फोडले, त्यांच्या तुकड्यांनी आणखी. सगळ्यात जास्त पडझड ध्रुवांच्या वर झाली, कारण ध्रुवांवरून जाणाऱ्या सगळ्या कक्षा तिथेच एकमेकींना छेदतात. दीड वर्षात खालचं आकाश वापरण्याजोगं उरलं नाही. हेमांगी तेव्हा त्या टकरींचे अंदाज काढणाऱ्या गटात होती. प्रत्येक मालकाचा हिशेब बरोबर होता, प्रत्येकाचा धोका नगण्य होता, हे तिने जवळून पाहिलं होतं.

शेवटच्या रांगेत तुकडीचा डॉक्टर बसला होता, सुधन्वा सबनीस. हेमांगीचा नवरा. हे सगळं त्याला आधीच माहीत होतं, म्हणून तो खिडकीबाहेर बघत होता. गेली सहा वर्षं तो पुण्यात आणि ती चांदवडला राहत होती. भांडण असं काही नव्हतं. दोघांनी आपापल्या कामाला घट्ट धरलं होतं, आणि भेटायचं म्हटलं की दोघांच्या सवडी जुळायच्या नाहीत. त्याने ध्रुवावर जायचं ठरवलं तेव्हा तिला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "कपडे चांगले घे." नंतर दोघंही त्या वाक्यावर हसले होते, पण वेगवेगळ्या गावी.

हिवाळा लागला. शेवटचं विमान परत गेलं. आता ऑक्टोबर संपेपर्यंत कुणी जाणार नव्हतं आणि कुणी येणार नव्हतं.

उपग्रह क्षितिजावर असला की आधी हवामानाची आणि कामाची माहिती जायची, मग प्रत्येकाला घरी बोलायला थोडा वेळ मिळायचा. उपग्रहाची फेरी आपल्या दिवसापेक्षा चार मिनिटांनी लहान असते, म्हणून ही वेळ रोज चार मिनिटं अलीकडे सरकत होती. पहिल्यांदा सुधन्वाचा फोन हेमांगीच्या संध्याकाळच्या चहाच्या वेळी यायचा. मेअखेर तो जेवणाच्या सुट्टीत येऊ लागला. बोलणं उपग्रहामार्गे पोचायला आणि उत्तर परत यायला अर्धा सेकंद लागे. त्यामुळे एकाचं बोलणं पूर्ण होईपर्यंत दुसऱ्याला थांबावंच लागायचं. इतक्या वर्षांत त्यांना ही सवय नव्हती. ती त्याला पठारावरच्या वाऱ्याबद्दल सांगायची, तो तिला केंद्रातल्या माणसांबद्दल. मल्हारने म्हणे जनरेटरच्या गरम हवेवर मेथी लावली होती आणि ती कुणालाही तोडू देत नव्हता.

जूनच्या मध्यावर मल्हारच्या उजव्या पायावर बर्फात भोकं पाडायच्या यंत्राचा पाइप घसरून पडला. नडगीचं हाड मोडून कातडीबाहेर आलं.

सुधन्वा फिजिशियन होता, हाडांचा डॉक्टर नव्हता. पुण्याच्या हाडांच्या सर्जन डॉ. उत्तरा मोघे पडद्यावर बघत राहिल्या, आणि त्यांच्या सांगण्यावरून त्याने जखम धुतली, हाड बसवलं, बाहेरून सळ्यांचा सांगाडा लावला. तीन दिवस ते काम चाललं, उपग्रह वर असेल तेवढा वेळ. चौथ्या दिवशी मल्हार पडद्यावर येऊन आपल्या बायकोशी बोलला. त्याने पाय कॅमेऱ्याच्या बाहेर ठेवला होता. दोन आठवड्यांनी जखमेच्या कडा लाल झाल्या. जंतू हाडापर्यंत गेले होते. औषधं बदलली गेली. उत्तराबाई रोज जखम बघू लागल्या. त्यांच्या मते पाय वाचायची शक्यता निम्म्याहून जास्त होती, पण रोज बघायला हवं होतं, आणि गरज पडेल तेव्हा सडलेला भाग थोडा थोडा काढायला हवा होता. अजून पाचसहा आठवडे.

त्याच आठवड्यात वार्ता-३ च्या इंधनाच्या टाकीतला दाब उतरू लागला.

हेमांगीने आकडे तीनदा तपासले. गळती बारीक होती, पण थांबणारी नव्हती. तीनचार दिवसांत टाकी रिकामी झाली असती. तिने संचालकांना, शिरोडकरांना, बोलावून घेतलं.

या उंचीवरचा उपग्रह कामातून गेला की त्याला खाली आणता येत नाही, तेवढं इंधन कुणीच बाळगत नाही. त्याऐवजी त्याला तीनशे किलोमीटर आणखी वर ढकलतात. तिथे तो कुणाच्या वाटेत येत नाही. त्यासाठी लागणारं इंधन शेवटपर्यंत राखून ठेवायचं, हा नियम. वार्ता-३ ला हिवाळा संपल्यावर वर न्यायचं ठरलं होतं. आता ते लगेच करायला हवं होतं, कारण तो इथेच मेला असता तर इथेच राहिला असता. पृथ्वीचं विषुववृत्त पुरतं गोल नाही. त्यामुळे या उंचीवर जणू उताराच्या तळाशी असाव्यात अशा दोन जागा तयार होतात आणि बेवारस उपग्रह तिकडे ओढले जातात. त्यातली एक पंचाहत्तर अंश पूर्व रेखांशावर, भारताच्या दक्षिणेला. वार्ता-३ त्या तळाभोवती हजारो वर्षं मागेपुढे झुलत राहिला असता. शिवाय त्याची कक्षा तिरकी. सरळ चालणाऱ्या उपग्रहांच्या रांगेला तो रोज दोनदा आडवा छेद देणार, ताशी दोन हजार किलोमीटरहून अधिक वेगाने. त्याच रांगेत चक्रीवादळांवर लक्ष ठेवणारे उपग्रह होते, मासेमारांचे होते, अर्ध्या आशियाचे होते. बंद पडलेले उपग्रह ओढून नेणारी यानं आली होती, पण ती सरळ कक्षेतली. बारा अंश वळून या तिरक्याला गाठणं त्यांच्या आवाक्याबाहेरचं होतं.

"मग ने वर," शिरोडकर म्हणाले. "प्रश्न काय आहे?"

"तीनशे किलोमीटर नेला तर सगळं इंधन जाईल. वर गेला की फेरी लांबेल आणि तो पश्चिमेकडे मागे पडू लागेल, रोज जवळपास चार अंश. तीन आठवड्यांत आपल्या अँटेनांना दिसेनासा होईल. आणि तोंड पृथ्वीकडे ठेवायला इंधन उरणार नाही, म्हणजे त्यानंतर तो फार दिवस सरळ राहणार नाही."

"आणि कमी नेला तर?"

"दीडशे किलोमीटर नेला तर निम्म्या वेगाने सरकेल. इंधनातलं काही दुसऱ्या छोट्या टाकीत वळवता येईल, ती गळत नाहीये. तोंड धरून ठेवायला ते पुरेल. सहा आठवडे आपल्याला दिसत राहील. तेवढे दिवस डॉक्टरांना तो पाय बघता येईल."

"पण दीडशे म्हणजे रांगेच्या हद्दीतच."

"हद्दीतच. सूर्यप्रकाशाच्या रेट्याने कक्षा हळूहळू लांबट होईल आणि तो पुन्हा रांगेत उतरेल. मग कायमचा."

शिरोडकरांनी आकडे स्वतः एकदा वाचले. मग म्हणाले, "टक्कर होण्याची शक्यता किती?"

"वर्षाला पन्नास हजारांत एक."

"हेमांगी, हे तसं काहीच नाही."

"खालच्या कक्षांमध्येही काहीच नव्हतं, सर. ते आकडे मीच काढलेत."

ते उठून खिडकीशी गेले. "तुझा नवरा तिथे आहे. तू यातून बाजूला झालीस तर कुणी नावं ठेवणार नाही."

"मी बाजूला झाले तरी आकडे तेच राहतील. दुसऱ्या कुणाला तरी त्यांच्याखाली सही करावी लागेल एवढंच."

तिने तीनशेची शिफारस केली. एकच गोष्ट मागितली. निवृत्त उपग्रह लगेच मुका करायचा असतो. प्रक्षेपक बंद, बॅटरी रिकामी, म्हणजे पुढे कधी स्फोट व्हायची भीती नको. ते थोडं लांबवायचं. सरकता सरकता तो चालू ठेवायचा, जोवर त्याचं तोंड पृथ्वीकडे आहे तोवर. ध्रुवाजवळच्या माणसांना तो कुठल्या रेखांशावर आहे याने फारसा फरक पडत नव्हता. तो दक्षिणेला उतरला की बराच काळ त्यांना दिसत राहणार होता. अडचण इकडे होती. वाटेत तो ज्या ज्या उपग्रहाच्या मागून जाणार, त्याच्या प्रक्षेपणात याचा आवाज मिसळण्याची भीती होती. प्रत्येकाची परवानगी लागणार होती.

"विचारून बघ," शिरोडकर म्हणाले.

सुधन्वाला तिने स्वतः सांगितलं. उपग्रह वर असताना, रोजच्या बोलण्याच्या वेळात.

तो शेवटपर्यंत ऐकत राहिला.

"दीडशे केलंस तर माझ्याकडे सहा आठवडे आहेत," तो म्हणाला.

"हो."

"तीनशे केलंस तर तीन. पुढे जमलं तर थोडे."

"पुढच्यासाठी मी खटपट करतेय. दक्षिण आफ्रिकेत एक केंद्र आहे."

"मी इथे एका माणसाचा पाय बघतोय, हेमा. तू कुणाचं काय बघतेयस? ज्यांचा अजून जन्म झालेला नाही त्यांचं?"

"त्यांचंही. आणि आत्ता जे त्या वादळांच्या वाटेवर राहतात त्यांचं."

"पन्नास हजारांत एक."

"दर वर्षी, सुधन्वा. आणि वर्षं संपत नाहीत."

तो म्हणाला, "ही निवड मला करावी लागत नाहीये, हे बरं आहे." मग म्हणाला, "तुझं जेवण झालं का?" तिने झालं म्हणून सांगितलं. झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी वार्ता-३ ची इंजिनं दोन टप्प्यांत चालवली. दुसऱ्या टप्प्याच्या शेवटी दाब शून्यावर आला. उपग्रह तीनशे चार किलोमीटर वर पोचला होता. खोलीत कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एकाने खुर्ची मागे सरकवली आणि चहा सांगितला.

मग तो सरकू लागला. फेरी आता दिवसापेक्षा लांब झाली होती. त्यामुळे ध्रुवावरची बोलण्याची वेळ रोज चार मिनिटं आधी येण्याऐवजी अकरा मिनिटं उशिरा येऊ लागली. हेमांगी दिवसभर फोनवर असायची. पंधरावीस देशांच्या आणि कंपन्यांच्या माणसांना ती तेच तेच सांगत होती. नऊ माणसं आहेत, एकाचा पाय सडतोय, आमचा एक निवृत्त उपग्रह तुमच्या मागून जाईल, काही तास तुमच्या एका वाहिनीत खरखर येईल. बहुतेकांनी होकार दिला. एकाने नुकसानभरपाईचं कलम विचारलं आणि नंतर तोही हो म्हणाला. दोघांनी नकार दिला, तेव्हा त्यांच्या मागून जाताना तिने प्रक्षेपक बंद ठेवला आणि पुढे गेल्यावर चालू केला. ते दोन दिवस उत्तराबाईंचे हुकले.

उपग्रहाला सरळ धरायचं काम आता त्याच्या पोटातल्या फिरत्या चाकांवर होतं. सूर्यप्रकाशाचा बारीकसा रेटा त्याला सारखा कलंडवायचा, चाकं अधिक वेगाने फिरून ते सावरायची. हेमांगीच्या गटाने सौर पंख शिडासारखे कमीजास्त वळवून तो रेटा जमेल तितका तोलून धरला. तरी चाकांचा वेग वाढतच होता. एका मर्यादेनंतर ती आणखी सावरू शकणार नव्हती.

तीन आठवड्यांनी वार्ता-३ भारताच्या पश्चिम क्षितिजाखाली गेला. दक्षिण आफ्रिकेतल्या केंद्राने तो उचलून घेतला. तिथल्या नोमसा नावाच्या बाईंनी आपल्या वरिष्ठांशी काय बोलून परवानगी मिळवली ते सांगितलं नाही. त्या रोज फोनवर चाकांचा वेग वाचून दाखवायच्या. जमिनीवरच्या तारेने चित्र तिथून चांदवडला आणि चांदवडहून पुण्याला जायचं.

आठवडाभर ते चाललं. नंतरच्या दिवशी दुपारी नोमसा म्हणाल्या, "उद्या ही चाकं मर्यादेला जातील. आजच मुका करायला हवा. एकदा गडगडायला लागला की पंखांवर ऊन राहणार नाही, आणि मग तो आपला हुकूम ऐकेल याची खात्री मी देणार नाही."

"आजचा वेळ संपू द्या," हेमांगी म्हणाली. "तो ध्रुवावरून बुडाला की लगेच हुकूम पाठवू."

"मधले पाच तास तुमच्या जबाबदारीवर?"

"माझ्या जबाबदारीवर."

त्या पाच तासांत सुधन्वाने उत्तराबाईंच्या देखरेखीखाली मल्हारची जखम पुन्हा उघडली. हेमांगी नियंत्रण कक्षात बसून चाकांचे आकडे बघत होती. दुसऱ्या पडद्यावर आवाज बंद करून ते चित्र चालू होतं. हातमोजे घातलेले दोन हात, दिव्याचं वर्तुळ. ते हात सुधन्वाचे आहेत हे ओळखायला तिला थोडा वेळ लागला. शेवटी उत्तराबाई बोलू लागल्या तेव्हा तिने आवाज चालू केला.

"गुडघ्याखाली पेनाने रेघ काढा," त्या सांगत होत्या. "दोन दिवस वाट बघा. लाली रेघेच्या वर गेली किंवा ताप उतरला नाही, तर थांबू नका. गुडघ्याखाली कापायचं. कसं ते मी दाखवलंय. लाली खाली राहिली तर पाय ठेवा आणि रोज धुवा."

"आणि रेघेवरच राहिली तर?" सुधन्वाने विचारलं.

त्या पडद्याजवळ वाकल्या. "तर मला माहीत नाही. बघितल्याशिवाय सांगता येणार नाही."

चित्राला दाणे पडू लागले. उपग्रह क्षितिजाशी आला होता. सुधन्वाने कॅमेऱ्याकडे पाहिलं, काहीतरी म्हणाला, पण आवाज तुटला. नोमसांनी हुकूम पाठवले. प्रक्षेपक बंद झाला, बॅटरी उतरू लागली. वार्ता-३ चा शेवटचा आकडा आला आणि पडद्यावर सरळ रेघ राहिली.

त्यानंतर रेडिओ तेवढा उरला होता, पण ध्रुवावर त्या महिन्यात सौर वादळं चालू होती. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावरच्या केंद्राला कधी शब्द मिळायचा, कधी नाही. दहाबारा दिवसांनी एक वाक्य चांदवडपर्यंत पोचलं. सगळे नऊजण जिवंत आहेत. हेमांगीने ते उत्तराबाईंना कळवलं. उत्तराबाईंनी विचारलं, "पाय?" तिला ठाऊक नव्हतं.

विमान ऑक्टोबरच्या शेवटी पोचलं. तेव्हा कळलं की मल्हारचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला होता.

उत्तराबाईंनी सुधन्वाची टिपणं आणि फोटो बघितले. त्या स्पष्टवक्त्या होत्या. लाली तिसऱ्या दिवशी रेघेवर होती, चौथ्याही दिवशी रेघेवरच, ताप कमीजास्त. सुधन्वाने पाचव्या दिवशी पाय कापला. त्या म्हणाल्या, "मी समोर असते तर आणखी एकदा साफ करून बघितलं असतं. कदाचित वाचला असता. तिथे एकटी असते, विचारायला कुणी नसतं, तर मीही कापलाच असता." हे त्यांनी हेमांगीलाही सांगितलं, कारण तिने विचारलं होतं.

फेब्रुवारीत मल्हार चांदवडला आला. राहुरीहून बसने, एकटा. नवा पाय अजून त्याच्या अंगवळणी पडला नव्हता. पायऱ्यांवर तो कठडा धरून थांबत होता, पण कुणी हात पुढे केला की नको म्हणत होता. हेमांगीने त्याला नियंत्रण कक्षात नेलं.

"तो कुठेय आता?" त्याने विचारलं.

तिने पडद्यावर दाखवलं. तीनशे किलोमीटरच्या वर एक राखाडी ठिपका, प्रशांत महासागरावर. "मुका आहे. फिरत राहील. पृथ्वीला वळसा घालून तीनेक महिन्यांनी आपल्या डोक्यावरून जातो, पुन्हा पुढे."

"कुणाच्या मध्ये येत नाही?"

"नाही."

त्याने मान हलवली. मग खुर्चीवर बसला आणि पाय लांब केला. "डॉक्टरांनी मला परतताना सांगितलं, निर्णय कसा झाला ते. त्यांनी सांगितलं नसतं तर मला कळलंच नसतं. कमी उंचीवर ठेवला असता तर मोघे बाईंना शेवटपर्यंत बघता आलं असतं, खरं ना?"

"खरं आहे."

"मग पाय राहिला असता."

"कदाचित. त्यांचं मत तेच आहे."

त्याच्या चेहऱ्यावर राग दिसत नव्हता. तो हिशेब जुळवून बघत होता. "तुम्ही तुमच्या साहेबांना विचारलंत. डॉक्टरांना विचारलंत. त्या सगळ्या कंपन्यांना विचारलंत, तुमच्या वाहिनीत खरखर आली तर चालेल का म्हणून."

"हो."

"मला नाही विचारलंत."

हेमांगीच्या मनात बरीच उत्तरं आली. तुला ताप होता. तो तुझा निर्णय नव्हता. एका माणसाला असं विचारणं म्हणजे त्याच्यावर अन्याय. त्यातलं एकही तिने तोंडातून काढलं नाही.

"नाही विचारलं," ती म्हणाली.

"मी म्हणालो असतो, पाय ठेवा. खोटं कशाला बोलू."

"हो."

"तरी तुम्ही वर नेला असतात?"

"नेला असता."

मल्हारने पडद्याकडे पाहिलं. "तरी विचारायला हवं होतं," तो म्हणाला.

ती त्याला बसथांब्यापर्यंत गाडीने सोडायला गेली. वाटेत तो जनरेटरबद्दल बोलत होता. शिशिर केंद्रावर नव्या माणसाने त्याची मेथी मरू दिली, हे त्याला कुणीतरी कळवलं होतं. बस आली तेव्हा तो म्हणाला, "येतो ताई." आधी तो मॅडम म्हणायचा.

सुधन्वा त्या दिवसांत चांदवडला होता. परतल्यापासून तो महिन्यातून दोनदा यायचा, कधी शनिवार, कधी मधलाच वार. उपग्रह वर नेण्याच्या निर्णयाबद्दल दोघंही बोलले नव्हते. तो बरोबर होता असंही त्याने म्हटलं नव्हतं आणि चूक होता असंही नाही. संध्याकाळी ती घरी आली तेव्हा तो स्वयंपाकघरात कांदा चिरत होता. तिने मल्हार काय म्हणाला ते सांगितलं, शब्दन् शब्द.

सुरी थांबली. "मी विचारलं होतं त्याला," तो म्हणाला. "कापण्याआधी."

"काय म्हणाला?"

"नाही म्हणाला. लाली रेघेवर होती, मला ठरवता येत नव्हतं, म्हणून मी एक दिवस थांबलो. दुसऱ्या दिवशी ताप चढला. पुन्हा विचारलं."

"मग?"

सुधन्वाने चिरलेला कांदा ताटलीच्या कडेला सरकवला आणि हात धुतले. मग बोलला.

"म्हणाला, भूल द्यायच्या आधी मला एकदा पायावर हात ठेवू द्या. मी बँडेज सोडलं आणि त्याला बसवून धरलं. त्याने बराच वेळ हात ठेवला होता, हेमा. मी घड्याळाकडे बघितलं नाही."